शनिवार तेल्यांची शाळा

आमच्या शाळेची सहल दरवर्षी एखाद्या किल्ल्यावर नाहीतर एखाद्या देवस्थानाला जाते. गड चढायचा, खाली उतरून पिठले-भाकरी खायची, रात्री एस.टी.त गाणी म्हणत परत यायचे. गेल्या वर्षी मात्र मुख्याध्यापकांच्या मनात आले, की मुलांना समुद्र दाखवावा आणि जमले तर काहीतरी शिकवावेही. आमचे गाव बालाघाटाच्या डोंगरात. आमच्या मुलांनी पाणी पाहिले ते पाझर तलावाचे, तेही चैत्रापर्यंत टिकणारे. तेव्हा अलिबाग आणि मुंबई अशी तीन दिवसांची अभ्याससहल ठरली, आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून तिची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

सहलीच्या यादीत पहिले नाव नववीतल्या एका मुलाचे होते. त्याने श्रावणातच पन्नास रुपये आणून दिले आणि 'गुरुजी, खिडकीची जागा माझी' असे बजावून ठेवले. दिवाळी झाली. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. त्याच्या आईबापांनी मुकादमाची उचल घेतलेली होती. घरी मागे कोणी नाही, म्हणून पोरालाही ट्रकवर चढवले. मी पन्नास रुपये परत केले, हजेरीपटावर गैरहजेरीची खूण केली आणि कामाला लागलो. दरवर्षी चारपाच नावांपुढे ती खूण होतेच. ती करताना हात थांबत नाही, इतकी सवय झाली आहे.

जानेवारीच्या अखेरीस आम्ही निघालो. खिडकीची ती जागा मोकळीच होती. तिथे कोणीतरी पाण्याचे पिंप ठेवले.

* * *

अलिबागेस पोचल्यावर किनारा पाहून मुले वेडी झाली, ते वर्णन करीत नाही. तिसऱ्या प्रहरी त्यांना कशीबशी गोळा करून मी इस्रायल आळीत नेले. नाव ऐकून एका मुलाने विचारले, "गुरुजी, म्हणजे परदेशी लोकांची आळी का?" मी म्हटले, "चल, त्यांनाच विचारू."

आळीतले 'मागेन अबोथ' हे प्रार्थनामंदिर १८४८ सालचे. वास्तू साधीच, कोकणातल्या एखाद्या सधन गृहस्थाच्या वाड्यासारखी. दारात एक वयोवृद्ध गृहस्थ भेटले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि तोंडात आपली कोकणी वळणाची मराठी.

"कुठली शाळा म्हणायची, गुरुजी? बरीच लांबून आलेली दिसता. या, आत या. पोरांनो, डोकी झाका हो. रुमाल असेल तर रुमाल बांधा."

तीस मुलांनी तीस तऱ्हेचे रुमाल बांधले. आत मूर्ती नाही, तसबीर नाही. मध्यभागी कठडा घातलेला चौथरा, छताला टांगलेले दिवे, वर बायकांसाठी सज्जा, आणि पश्चिमेच्या भिंतीत पडद्यामागे एक कपाट. त्या कपाटात चर्मपत्राच्या गुंडाळ्या. हाताने लिहिलेले धर्मशास्त्र, हेच इथले दैवत. "पश्चिमेलाच का?" असे मुलांनी विचारले. म्हातारे म्हणाले, "यरुशलेम तिकडे आहे ना, बाळा. समुद्रापलीकडे."

मग ज्या मुलाला परदेशी लोक पाहायचे होते, त्याने हळूच विचारले, "आजोबा, तुम्ही मराठी कुठे शिकलात?"

म्हातारे खळखळून हसले. म्हणाले, "आईच्या मांडीवर. तू कुठे शिकलास?"

* * *

बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे. हे लोक कोकणात कधी आले ते सांगणारा कागद नाही, आहे ती परंपरा. ती अशी, की फार पूर्वी, कोणी दोन हजार वर्षे म्हणतात तर कोणी त्याहून कमी, एक गलबत चौलजवळच्या समुद्रात फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या पोहत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेते नवगावच्या किनाऱ्यावर पुरली. अलिबागच्या उत्तरेला नवगावचे ते जुने दफनस्थान आजही दाखवतात, आणि तिथे स्मारकाचा स्तंभ उभा आहे. चौदा माणसांचा आकडा काव्यमय आहे असे इतिहासकार म्हणतील. म्हणोत. पण पोथ्या बुडाल्या, भाषा विसरली, शिकवणारा कोणी उरला नाही, आणि तरीही हे लोक कोणात मिसळून नाहीसे झाले नाहीत, हे तर खरे आहे.

ते राहिले कशाच्या बळावर? चार गोष्टींच्या. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची. खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही. 'शेमा' नावाची एकेश्वराची प्रार्थना तेवढी पाठ, ती मंगल-अमंगल सर्व प्रसंगी म्हणायची. आणि शनिवारी काम करायचे नाही. कोकणात त्यांनी तेलाचा धंदा धरला होता. घाणा सहा दिवस फिरे आणि सातव्या दिवशी थांबे. आसपासच्या लोकांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. त्या नावात हेटाळणी नव्हती आणि मोठा मानही नव्हता. तेली खरे, पण शनिवारी बैल सोडणारे, एवढेच.

आडनावे गावांवरून घेतली. किहीमचे ते केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, अष्टमीचे अष्टमकर. दिवेकर, तळकर, राजपूरकर अशी यादी वाचली तर ती कुलाबा जिल्ह्याच्या नकाशासारखी वाटते. सणांनाही मराठी नावे पडली. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण', त्यानंतर 'खिरीचा सण'. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्यावर त्यांची विशेष भक्ती. अलिबागेजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे असे मानतात. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला त्याचा उरूस करतात, आणि नवस फेडताना 'मलिदा' करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गोडी, वेलदोडा आणि वर फळे. आम्ही गेलो तो सुमार त्या पौर्णिमेचाच होता. शेजारच्या घरातून एका आजीबाईंनी परात भरून मलिदा पाठवला. आमच्या मुलांनी तो सत्यनारायणाच्या प्रसादासारखा हात पुढे करून घेतला.

* * *

पण मला मलिद्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीचे कुतूहल होते. मूठभर समाज, पोथी नाही, पुरोहित नाही. मग पुढच्या पिढीला शिकवले कोणी?

याचीही एक परंपरा आहे. दाविद रहाबी नावाचा कोणी विद्वान परदेशातून कोकणात आला. हे लोक खरोखर आपल्यापैकी आहेत का, याची परीक्षा पाहण्यासाठी त्याने बायकांना मिश्र मासळीची टोपली दिली आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले-परांची मासळी वेगळी काढली आणि उरलेली बाजूला सारली. रहाबीची खात्री पटली. मग त्याने तीन घराण्यांतून तीन शिष्य निवडले, त्यांना शिकवले आणि गावोगाव पाठवले. झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतले हे तिघे 'काजी' म्हणून ओळखले गेले. लग्ने लावायची, तंटे तोडायचे आणि जे शिकले ते पुढे शिकवायचे, हे त्यांचे काम.

मी मुलांना विचारले, "रहाबीने काय दिले? पैसे दिले का? देऊळ बांधून दिले का?" मुले गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "त्याने तीन जण शिकवले, गुरुजी." एवढेच मला हवे होते.

पुढचे पान आणखी नवलाचे आहे. १८२६ च्या सुमारास कोचीनचे यहूदी शिक्षक मुंबईत आणि कोकणात येऊन या मुलांना प्रार्थना शिकवू लागले. त्याच सुमारास अमेरिकन आणि स्कॉटिश ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या होत्या. या लोकांना आपल्या धर्मात आणावे ही त्यांची इच्छा उघड होती. डॉ. जॉन विल्सन यांनी तर या मुलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले, ते १८३२ साली छापले. मुलांनी काय करावे? त्यांनी हिब्रू शिकून घेतले, जुना करार मराठीतून वाचून काढला, आणि आपल्याच बापजाद्यांची विसरलेली गोष्ट त्यात सापडली म्हणून आनंदाने घरी गेली. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. ज्या दिव्याने घर बदलायचे होते, त्याच दिव्याने आपले घर उजळून घेतल्याचे असे उदाहरण विरळा. तरी मिशनऱ्यांचे ऋण हा समाज नाकारीत नाही, हेही सांगितले पाहिजे.

* * *

दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईस आलो. मशीद बंदर स्टेशनावर उतरून माणसांच्या लोंढ्यातून वाट काढीत सॅम्युएल स्ट्रीट गाठला. हा सॅम्युएल म्हणजे आपला समाजी हसाजी दिवेकर. कंपनी सरकारच्या पलटणीतला हा बेने इस्रायल अंमलदार म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. टिपूच्या आईने रदबदली केल्यामुळे त्याचा जीव वाचला, अशी आख्यायिका आहे. सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा नवस त्याने केला होता, आणि १७९६ साली तो फेडला. मुंबईतले हे पहिले यहूदी प्रार्थनामंदिर. नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार. लोक मात्र त्याला 'जुनी मशीद' म्हणत आले, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. रोज लाखो माणसे त्या स्टेशनावर चढतात-उतरतात. नावामागचा दिवेकर त्यांतल्या कितींना ठाऊक असेल!

पलटणीच्या मागोमाग, गोदीच्या आणि कचेऱ्यांच्या आशेने कोकणातली घरेच्या घरे मुंबईस आली. घाणा सुटला, आणि मुलांचे काय हा प्रश्न उभा राहिला. खेड्यात मूल बापाच्या पाठीमागे फिरून शिकते. शहरात बाप दहाला जातो तो दिवेलागणीला येतो. तेव्हा १८५३ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांचे बंधू यांनी समाजात शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी एक मंडळी स्थापन केली. हे कोणी सावकार नव्हते. जे काही केले ते वर्गणी मागून आणि दारोदार हिंडून. १८७५ साली त्यांनी मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडे पत्रे पाठवून मदत मिळवली. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू तिन्ही भाषा त्या शाळेत शिकवल्या जाऊ लागल्या. याच केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. हस्तलिखित १८९७ साली पुरे झाले. ग्रंथ छापला गेला तो १९३७ साली तेल अवीव येथे, चाळीस वर्षांनंतर. लेखकाला तो पाहता आला नाही. शाळा मात्र पाहता आली. मला वाटते, दोहोंतून एक निवडायला सांगितले असते तर त्यांनी शाळाच निवडली असती.

त्याच पिढीतले दुसरे शिक्षक म्हणजे जोसेफ इझिकेल राजपूरकर. डेव्हिड ससून यांच्या मुंबईतल्या शाळेचे ते कित्येक वर्षे मुख्याध्यापक होते, आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. मुलाला आपण काय म्हणतो आहोत ते कळावे, एवढ्यासाठी एका हेडमास्तराने आयुष्यभर केलेली ही वेठ. १८७४ साली पुण्याला वल्हांडणाची पोथी, 'हगादा', हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्या आयाबहिणींसारख्या लुगडे नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. १८८० साली या समाजाने कीर्तनोत्तेजक मंडळी काढली. झांज, टाळ, पूर्वरंग, उत्तररंग सारे आपल्या हरिदासांचे, आणि आख्यान अब्राहामाचे नाहीतर योसेफाचे. समोर बसलेली पोरे कोणत्या धर्माची आहेत, हे कीर्तनाच्या चालीवरून कोणाला ओळखता आले नसते.

* * *

मुलांना मी हे सारे सांगितले, पण सगळेच गोड सांगितले नाही. कारण इतिहासाच्या मास्तराने तसे करू नये.

बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याने या शहराला आणि पुण्याला पुष्कळ दिले. ग्रंथालय दिले, रुग्णालय दिले. आणि विशेष म्हणजे गुन्ह्याच्या वाटेला लागलेल्या मुलांसाठी १८५७ साली एक सुधारशाळा सुरू झाली तिला थैली दिली. मुलाला तुरुंगात न घालता सुतारकाम, लोहारकाम शिकवावे, हा विचार त्या काळी नवीन होता. माहीमची डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल ती हीच. पण याच बगदादी मंडळींपैकी पुष्कळांनी कोकणच्या आपल्या धर्मबांधवांना पुरते आपले मानले नाही. दफनभूमीतसुद्धा वेगळेपणा ठेवण्याची भाषा झाली. आणि बेने इस्रायल तरी काय? त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता, रोटी-बेटीचा. ज्याच्यावर कोणी पायरी ठेवतो, तो खाली वळून दुसऱ्यावर पायरी ठेवतो. आपल्याकडची ही रीत समुद्रावरून आलेल्यांनीही लवकर उचलली.

या भेदांवर उतारा निघाला तोही शाळेतूनच, आणि पुष्कळसा स्त्रियांच्या हातून. रिबेका रूबेन ही मुलगी १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिली आली. मुलींनी मॅट्रिकला बसणे हीच ज्या काळी बातमी होती, त्या काळची ही गोष्ट. पुढे परदेशी शिकून परत आल्यावर, १९२२ साली, ती केहिमकरांच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. तिच्याहून जरा धाकट्या डॉ. जेरुशा झिराड. लंडनला शिकून त्या प्रसूतिशास्त्रातल्या नामवंत डॉक्टर झाल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. १९१३ साली समाजातल्या बायकांनी स्त्री मंडळ काढले, त्यात त्यांचा पुढाकार होता. शिवण, वाचन, गरजू घरांना मदत, मुलामुलींचे धर्मशिक्षण अशी ही कामे. अशा कामांची सनावळी कोणी लिहीत नाही, पण समाज त्यांवरच उभा असतो.

आमच्या मुलींना रिबेकाबाईंची गोष्ट फार आवडली. मुलांना आवडले ते डेव्हिड. 'बूट पॉलिश' या १९५४ सालच्या चित्रपटात अनाथ पोरांना भीक मागू नका, कष्ट करा म्हणून सांगणारा जॉन चाचा आजही आजोबांच्या तोंडून ऐकलेला असतो. तो करणारा नट म्हणजे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. चौलचा, हे ऐकून मुलांनी टाळ्याच वाजवल्या. आदल्या दिवशी आम्ही चौलवरूनच आलो होतो ना!

* * *

माझगावला ती शाळा अजून आहे. केहिमकरांची इस्रायली शाळा पुढे सर एली कदूरी या दात्याच्या देणगीनंतर त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो तेव्हा मधली सुट्टी झाली होती. पोरांचा तोच ओरडा, तीच धावपळ, तीच डब्यांची अदलाबदल. पण त्या गर्दीत यहूदी मुले शोधायची म्हटली तर सापडणे कठीण. आता तिथे शिकतात ती आसपासच्या वस्तीतली, मुख्यतः इतर धर्मांची मुले.

कारण शाळा ज्यांच्यासाठी काढली, ते निघून गेले. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. १९४८ साली इस्रायलचे राज्य झाले आणि जहाजे, विमाने भरू लागली. इथे त्यांना कोणी छळले म्हणून ते गेले नाहीत. यहूद्यांचा छळ ज्या थोड्या देशांत कधी झाला नाही त्यांत आपला देश आहे, असे तेच अभिमानाने सांगतात. ते गेले ते रोज प्रार्थनेत ज्या दिशेला तोंड केले त्या दिशेच्या ओढीने, आणि मुलाबाळांच्या भवितव्यासाठी. तिथे गेल्यावर सारे सुख लाभले असे नाही. रंगावरून आणि रीतीवरून पंक्तिभेद झाला. १९५१-५२ साली काहींनी धरणे धरले आणि ते भारतात परत आले. १९६० नंतर तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी यांच्या लग्नांच्या बाबतीत कुळाची चौकशी करावी असा दंडक काढला, तेव्हा यांनी यरुशलेमला सत्याग्रह केला. गांधीजींच्या देशातून गेले होते, रीत ठाऊक होती. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या धर्मगुरूंना माघार घ्यावी लागली. आज त्यांची नातवंडे तिथे डॉक्टर आहेत, सैनिक आहेत. आणि १९८५ पासून तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले, हे वाचून कोणाचे मन भरून येणार नाही?

मागे राहिले ते थोडे. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात मिळून यहूदी पाच हजारही भरले नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. पण थोडे उरले म्हणून मुलांकडे पाहणे थांबले नाही. १९६० नंतरच्या दशकात 'ओ.आर.टी.' या जुन्या यहूदी संस्थेने मुंबईत मुलांना यंत्रकामाचे आणि पुढे मुलींनाही निरनिराळ्या धंद्यांचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. ही संस्था मूळची १८८० साली रशियात निघालेली. गरिबाला दान देण्याऐवजी हातात हुन्नर द्यावा, हे तिचे ब्रीद. मुंबईत एव्हलिन पीटर्स यांच्या नावाचे समाजकेंद्र आहे. तरुण मुलामुलींची शिबिरे, सणवार, नाटके, भाषेचे वर्ग तिथे होत आले आहेत. ठाण्यापासून अलिबागपर्यंत विखुरलेल्या घरांतल्या मुलांना आपल्यासारखे आणखी कोणी आहेत हे कळावे, हा त्यामागचा हेतू.

आणि एक गोष्ट. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईतल्या नरिमन हाउसमधले तरुण धर्मगुरू गॅव्रिएल होल्त्झबर्ग आणि त्यांची पत्नी मारले गेले. त्यांच्या नावाने २०१२ साली 'गॅब्रिएल प्रोजेक्ट' नावाचे काम सुरू झाले. देशोदेशींचे यहूदी तरुण ठाण्याजवळच्या कळव्याच्या झोपडपट्टीत येऊन तिथल्या मुलांना शिकवू लागले, आणि जे मूल वर्गाला येईल त्याला गरम जेवण, अशी व्यवस्था त्यांनी लावली. पोर कामाला न जाता वर्गात बसावे, यासाठी ही युक्ती. ती मुले यहूदी नव्हेत. ती कोणाची, हे विचारण्याचे कारणही नव्हे. ज्यांच्या माणसांना मुंबईत मारले, त्यांनी मुंबईच्या दारातल्या पोरांना जेवू घालावे, याला मी काय म्हणू? आमच्या मुलांना मी ही गोष्ट माझगावच्या पदपथावर उभे राहून सांगितली, आणि पुढे काही बोललो नाही.

* * *

परतीच्या वाटेवर रात्री मुले झोपली. मी पाण्याच्या पिंपाशेजारी बसलो होतो. अडीचशे वर्षांत या समाजाने काय केले, याची मी मनात बेरीज करीत होतो. रहाबीने तीन मुले शिकवली. केहिमकरांनी वर्गणी मागून शाळा काढली. कळव्याला जेवणाचे ताट ठेवले. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता, की हे मूल आपल्या हातून निसटू नये म्हणून आज काय करता येईल? आणि आम्ही काय करतो? गैरहजेरीची खूण.

गावी आल्यावर मी ही गोष्ट शिक्षकांच्या बैठकीत काढली. कोणी म्हणाले, हे सरकारचे काम. कोणी म्हणाले, हंगामी वसतिगृह लहान मुलांसाठी असते, मोठ्यांचे काय? खरेच होते. तेव्हा आमचे जुने शिपाईमामा, जे एरवी घंटेशिवाय कशातच तोंड घालीत नाहीत, ते म्हणाले, "गुरुजी, आमचे आजे पुण्यात वारावर जेवून शिकले. सात घरं, सात वार. आपल्या गावात सात घरं नाहीत का?"

गोष्ट इतकी साधी होती, की ऐकून आम्हा सर्वांना लाज वाटली.

वैशाखात टोळ्या परतल्या. तो मुलगा आला, उन्हाने काळवंडलेला, हाताला कोयत्याचे घट्टे. मी त्याच्या घरी गेलो. आईने घोंगडी टाकली, चहा केला. बाप म्हणाला, "गुरुजी, पोराला कोण सांभाळणार? म्हातारी असती तर ठेवला असता." मी म्हटले, "जेवायला सात घरं आहेत. निजायला शाळेची खोली आहे, मामा सोबतीला आहेत." बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू."

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळीच असेल. फराळाची ताटे मांडलेली असतील, आणि आमच्या गावच्या पारावर ट्रक येऊन उभे राहिलेले असतील. सात घरे ठरली आहेत. आठव्या घराचाही निरोप आला आहे, आणि मुलेही एकाऐवजी चार झाली आहेत. त्या चौघांपैकी किती जण ट्रकवर चढतील आणि किती खाली उभे राहतील, हे आज लिहिताना मला सांगता येत नाही. हजेरीपट मात्र मी नवा आखला आहे, आणि चारही नावे त्यात लिहून ठेवली आहेत.